विचारा की! : उडत्या विमानाचं दार उघडतं का?

मागच्या अंकात संपादकांनी माझी ओळख 'आधी विमानं दुरुस्त करायचे, आता संत्र्याची बाग करतात' अशी छापली, आणि बाग बाजूलाच राहिली. मी डिंक्या रोगावर लिहायची तयारी करून बसलो होतो. टपालात आलं ते सगळं विमानाचं. कारण उघड आहे. पोरं पुण्याला, बंगळुरूला, हैदराबादला नोकरीवर, आणि आईबापाला तिकीट काढून बोलावतात. तिकीट मोबाइलवर येऊन पडतं, शंका मात्र इकडे पारावर फिरत राहतात. गावात ज्यानं एकदा विमानप्रवास केला तो पुढे दहा वर्षं त्या विषयातला जाणकार म्हणून मिरवतो.

एक आधीच सांगतो. मी पायलट नव्हतो. मुंबईच्या हँगरमध्ये तंत्रज्ञ होतो, ग्रीसनं माखलेले हात आणि खिशात टॉर्च. तेव्हा उत्तरं मेकॅनिकची आहेत.

पोरानं तिकीट काढलं, त्यात माझी सीट इमर्जन्सी दरवाज्याजवळची आहे. झोपेत हात लागून कडी उघडली तर आम्ही सगळे बाहेर फेकल्या जाऊ ना? सीट बदलून मिळते का जी?
— एक काकाजी, ता. आर्वी, जि. वर्धा

काकाजी, सीट बदलून मिळते. पण पाय पसरायला भरपूर जागा असलेली सीट ती, लोक तिच्यासाठी वरचे पैसे मोजतात. बदलायचं खरं कारण दुसरं आहे. त्या सीटवर बसणाऱ्यानं वेळ आली तर दार उघडायचं आणि इतरांना वाट करून द्यायची असते. विमान सुटण्याआधी केबिन क्रूमधली कोणीतरी येऊन तुम्हाला तसं विचारेल. गुडघे धरत असतील, ऐकू कमी येत असेल, तर लाजू नका, सरळ सांगा. ती लगेच दुसरीकडे बसवते.

आता झोपेतल्या हाताचं. विमान १०-११ किलोमीटर उंचीवर असतं तेव्हा बाहेरच्या हवेचा दाब जमिनीवरच्या जेमतेम पावपट उरतो. आत माणसाला श्वास घेता यावा म्हणून हवा दाबून भरलेली असते. आतल्या-बाहेरच्या दाबातला हा फरक दर चौरस मीटरला साडेपाच टनांच्या घरात जातो. पंखावर उघडणारं लहानसं इमर्जन्सी दार अर्ध्या चौरस मीटरचं धरलं, तरी त्याच्यावर अडीच टनांहून जास्त भार आतून पडलेला असतो. बरीच दारं अशी बनवलेली असतात की उघडायची तर आधी आत ओढावी लागतात किंवा हा दाब त्यांना चौकटीत घट्ट रुतवून ठेवतो. जी बाहेर उघडतात त्यांना उड्डाणात आपोआप बसणारं वेगळं कुलूप असतं. तुम्ही, मी आणि आर्वीच्या तालमीतले सगळे पहिलवान मिळून लोंबकळलो तरी ते दार हलायचं नाही.

मग तुम्ही म्हणाल, कोरियात एकानं उघडलं ते? खरं आहे. २६ मे २०२३ ला दक्षिण कोरियातल्या देगूजवळ एका प्रवाशानं उतरत्या विमानाचं दार उघडलं. पण तेव्हा विमान जमिनीपासून सुमारे ७०० फुटांवर आलेलं होतं, आतला-बाहेरचा दाब जवळपास सारखा झाला होता. वारा आत घुसला, लोकांची बोबडी वळली, काहींना दवाखान्यात न्यावं लागलं, पण विमान सुखरूप उतरलं आणि कोणी बाहेर पडलं नाही. सगळे पट्टा बांधून होते.

मला ज्या बातमीनं झोप लागू दिली नाही ती वेगळी. ५ जानेवारी २०२४ ला अमेरिकेतल्या पोर्टलंडहून निघालेल्या बोइंग ७३७ मॅक्सच्या भिंतीतला एक तुकडा सुमारे १६ हजार फुटांवर उडून गेला. जिथे जादा दार बसवायची सोय असते पण विमान कंपनीला ते नको असतं, तिथे दाराच्या जागी पक्की फळी बसवतात. ती ही फळी. कोणा प्रवाशानं तिला बोटही लावलं नव्हतं. कारखान्यात शेजारचे रिव्हेट दुरुस्त करायला ती काढली होती. परत लावताना तिला जागेवर धरून ठेवणारे चार बोल्ट बसवलेच नाहीत, आणि ती काढल्याची नोंदही कागदावर नव्हती. विमानात १७७ माणसं होती. एका मुलाचा शर्ट अंगातून ओढला गेला, फोन बाहेर उडाले, पण जीव कोणाचा गेला नाही. भोकाला लागूनची खिडकीची सीट नशिबानं रिकामी होती.

आमच्या हँगरात पान्यांच्या पेटीत फोमचा थर असायचा आणि त्यात प्रत्येक पान्याच्या आकाराची खाच कापलेली. पाळी संपली की पेटी उघडून बघायची. एक खाच रिकामी दिसली की विमान जागचं हलायचं नाही, मग पाना कोणाच्या खिशात निघो की पंखाच्या पोटात. तरुण पोरं कुरकुरायची. चार बोल्टांची ती बातमी वाचल्यावर मला आधी ती पेटीच आठवली.

तेव्हा काकाजी, कडीची काळजी सोडा आणि पट्टा बांधून ठेवा. विमान वर गेल्यावर पट्ट्याचा दिवा विझतो. विझला तरी सोडू नका, थोडा सैल करा हवं तर.

जुलैत पंधरा-पंधरा दिवस पाणी येत नाही आणि वरून विमानं पांढरा धूर सोडत जातात. आमच्याकडं लोक म्हणतात का औषध फवारून ढग पळवून लावतात. यात काही तथ्य आहे का?
— कापूस उत्पादक, ता. केळापूर, जि. यवतमाळ

भाऊ, हा प्रश्न चार तालुक्यांतून आला. तुमचं पत्र छापलं कारण त्यात शिवी नव्हती.

आधी ती विमानं कुठली ते बघू. आपला भाग देशाच्या मधोमध पडतो. दिल्लीहून हैदराबाद, चेन्नई, बंगळुरूला जाणारी, मुंबईहून कोलकात्याला जाणारी, अशी कितीतरी विमानं विदर्भाच्या डोक्यावरून जातात. नागपूरला उतरत नाहीत, नुसती जातात. त्यांच्या मागची पांढरी रेघ म्हणजे पाणी. विमानाचं इंधन जळलं की त्यातला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून वाफ होते. एक किलो इंधनामागे सव्वा किलोच्या आसपास पाणी. तिथलं तापमान उणे ४० अंशांच्याही खाली, त्यामुळे वाफेचे तिथल्या तिथे बर्फाचे बारीक कण होतात. वरची हवा कोरडी असली तर रेघ विमानामागे लगेच विरते. ओलसर असली तर रेघ टिकते, पसरते, कधी तासभर दिसत राहते. एकाच दिवशी एका विमानाची रेघ लांब आणि दुसऱ्याची आखूड दिसते ती यामुळे. दोघं वेगवेगळ्या उंचीवरून, वेगवेगळ्या हवेतून गेलेले असतात.

आता फवारणीचं तुम्ही मला सांगा. पाठीवरचा पंप घेऊन वावरात उतरता तेव्हा वारा सुटला असेल तर फवारता का? नाही, कारण औषध शेजाऱ्याच्या पराटीवर जातं. इथे उंची दहा किलोमीटर, आणि तिथला वारा आपल्या वावधनालाही मागे टाकणारा. तिथून सोडलेलं औषध केळापूरच्या ढगावर कसं पडेल? पावसाचे काळे ढग तर बुडाशी एखाद-दोन किलोमीटरवर असतात, त्या विमानाच्या कितीतरी खाली.

पण लोकांना 'विमान गेलं आणि आभाळ मोकळं झालं' असं दिसतं, ते काही खोटं बोलत नाहीत. गडबड क्रमात आहे. आभाळ भरलेलं असतं तेव्हाही तीच विमानं त्याच वेळेला वरून जातात, ढगाआड असल्यामुळे दिसत नाहीत. आभाळ उघडतं तेव्हा ती दिसू लागतात. म्हणजे विमान आलं म्हणून ढग गेले नाहीत, ढग गेले म्हणून विमान दिसलं. पुढच्या वेळी झड लागलेली असताना रात्री जरा शांततेत कान द्या, आवाज येतो की नाही बघा.

अफवेला पाय फुटले त्याचं एक कारण मात्र खरं आहे. आपल्या राज्यात विमानातून ढगांवर प्रयोग झाले आहेत: २००३ मध्ये, मग २०१५ आणि २०१९ मध्ये औरंगाबादहून, आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं सोलापुरात काही पावसाळे अभ्यास म्हणून केले. ते प्रयोग पाऊस पाडण्यासाठी होते, पळवण्यासाठी नाही. लहान विमान ढगाजवळ नेतात, पंखाला लावलेल्या नळकांड्या पेटवतात, त्यातून मिठाचे किंवा सिल्व्हर आयोडाइडचे कण सुटतात आणि ढगातलं बाष्प त्यांच्याभोवती गोळा होतं. त्यासाठी आधी दमदार ढग लागतो. कोऱ्या आभाळातून पाणी काढायची विद्या अजून कोणाकडे नाही. असती तर निवडणुकीच्या वर्षी आपल्याकडे ओला दुष्काळ पडला असता.

त्या रेघांवर राग काढायचाच असेल तर वेगळ्या गोष्टीवर काढा. टिकून राहणाऱ्या रेघा पसरून पातळ ढग बनतात आणि जमिनीची उष्णता वर जाऊ देत नाहीत. पृथ्वी तापण्यात विमानवाहतुकीचा जो वाटा आहे त्यात या रेघांचाही हिस्सा आहे, आणि शास्त्रज्ञ तो मोजत आहेत. अशी ओलसर हवा टाळून थोडं वर किंवा खाली उडायचे प्रयोगही चालू आहेत.

माझ्या मुलीचा सिकलसेलचा एसएस पॅटर्न आहे. मोठ्या दवाखान्यात दाखवायला विमानानं मुंबईला न्यायचं म्हणतो. विमानात ऑक्सिजन नसतो असं ऐकलं. नेऊ का?
— एक वडील, ता. चिमूर, जि. चंद्रपूर

दादा, ऑक्सिजन असतो. पण तुमची शंका बिनबुडाची नाही, म्हणून नीट वाचा.

विमानातली हवा बंद डब्यातली शिळी हवा असते ही समजूत चूक आहे. बाहेरची हवा सतत आत घेतात, बहुतेक विमानांत इंजिनातूनच ती दाबून येते. आतली फिरवलेली हवा बारीक गाळणीतून जाते, आणि तासाभरात वीसेक वेळा पूर्ण बदलते. एसटीच्या खिडक्या लावलेल्या रातराणीपेक्षा ती नक्कीच स्वच्छ.

मात्र दाब जमिनीवरच्याइतका ठेवत नाहीत. ठेवला तर विमानाचं अंग फार ताणलं जाईल. आतला दाब ६ ते ८ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तितका राहतो. चिखलदरा साधारण अकराशे मीटरवर आहे. विमानात तुम्ही त्याच्या दुप्पट उंचीवर बसल्यासारखे असता. केदारनाथ साडेतीन हजार मीटरवर, तिथे हवा याहून बरीच विरळ. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच, २१ टक्के, पण दाब कमी असल्यामुळे प्रत्येक श्वासात तो थोडा कमी येतो. धडधाकट माणसाला कळतही नाही. कोरोनात घेतलेलं ते बोटाला लावायचं यंत्र घरात पडलं असेल, ते विमानात लावलं तर चांगल्या माणसाचा आकडाही थोडा उतरलेला दिसतो.

एसएस पॅटर्नच्या रुग्णाला, म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आजार प्रत्यक्ष असलेल्याला, मात्र कमी ऑक्सिजन आणि अंगातलं पाणी कमी होणं, या दोन्ही गोष्टी बाधू शकतात आणि विमानात दोन्ही असतात, कारण तिथली हवा फार कोरडी असते. त्यामुळे तिकीट काढण्याआधी तिच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा. हिमोग्लोबिन किती आहे, प्लीहा वाढली आहे का, दुखण्याचा झटका नुकताच येऊन गेला का, हे बघूनच ते सांगतील. झटका नुकताच येऊन गेला असेल तर ते थांबायला सांगतील, तेव्हा थांबा. डॉक्टरांनी ऑक्सिजन लागेल असं सांगितलं तर विमान कंपनीला आधी कळवावं लागतं, त्याचा वैद्यकीय अर्ज असतो. ऐनवेळी काउंटरवर सांगून होत नाही. प्रवासात तिला थोडं थोडं पाणी पाजत राहा, स्वेटर घ्या, थंडी लागू देऊ नका. पाण्याची बाटली सुरक्षा तपासणीच्या आत गेल्यावर भरून घ्या.

घरात कोणाचा एएस पॅटर्न असेल, म्हणजे नुसता वाहक, तर त्याला साध्या प्रवासी विमानात सहसा काही होत नाही. हे मुद्दाम लिहिलं, कारण आपल्याकडे कार्डावर नुसतं 'सिकलसेल' वाचून लोक दोघांनाही एकाच तराजूत तोलतात.

वरून पडणाऱ्या पिवळ्या मुखवट्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. तो पडला आणि पिशवी फुगली नाही तर घाबरू नका, पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो. बहुतेक विमानांत तो १२ ते १५ मिनिटं पुरतो, आणि तेवढ्यात पायलट विमान १० हजार फुटांपर्यंत खाली आणतो, जिथे मुखवट्याशिवाय श्वास घेता येतो. आधी तुमचा लावा, मग मुलीचा. आईबापाला हे पटत नाही, पण त्या उंचीवर माणसाची शुद्ध अर्ध्या-एक मिनिटात जाते. तुम्हीच पडलात तर तिला कोण लावणार?

मे महिन्यात नागपूरला उतरताना विमान 'एअर पॉकेट'मध्ये सापडून हजारभर फूट खाली पडलं. खिडकीतून पंख वरखाली होताना मी स्वतः पाहिला.
— शिक्षिका, ता. वरोरा, जि. चंद्रपूर

ताई, हवेत खिसा नसतो. हवा नसलेली पोकळी आभाळात कुठेच नसते. मे महिन्यात दुपारी आपली काळी जमीन तापून हवेचे लोट वर उठतात, शेजारच्या तळ्यावरची किंवा झाडीतली हवा त्या मानानं थंड म्हणून खाली बसते. विमान या वर-खाली जाणाऱ्या हवेतून काही सेकंदांत पार होतं, म्हणून धक्के बसतात. पोटात गोळा आला की हजार फूट वाटतात, प्रत्यक्षात बहुतेक वेळा काही फूट, फार तर काही दहा फूट. सकाळचं विमान घेतलं तर हा त्रास बराच कमी.

पंख हलला ते बरंच झालं. तुरीची ओली काडी वाकते म्हणून मोडत नाही, वाळली की कटकन तुटते. पंख वाकण्यासाठीच बनवतात. बोइंग ७८७ च्या चाचणीत पंखाचं टोक सुमारे २५ फूट वर ओढलं होतं, प्रत्यक्षात कधी येईल त्या सगळ्यात मोठ्या भाराच्या दीडपट भार देऊन.

धक्क्यानं विमान मोडत नाही, माणसं मोडतात. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला जाणारं विमान जोरदार हेलकाव्यात सापडलं, पट्टा न बांधलेली माणसं छतावर आदळली आणि त्या विमानात एका वृद्ध प्रवाशाचा मृत्यू झाला. वर काकाजींना पट्ट्याचं सांगितलं तेच तुम्हालाही.

विमानावर ईज पडली तर?
— वाचक, ता. मोर्शी, जि. अमरावती

पडते की. नेहमीच्या सेवेतल्या विमानावर वर्षातून सरासरी एकदा तरी पडते असं धरतात. बहुतेक वेळा नाकावर शिरते आणि शेपटीतून किंवा पंखाच्या टोकातून निघून जाते. वीज धातूच्या बाहेरच्या कातडीवरून वाहते, आत बसलेल्याला मोठा आवाज आणि लख्ख उजेड, एवढंच. नवी विमानं कार्बन फायबरची आहेत, त्यात वीज नीट वाहत नाही, म्हणून कातडीच्या वरच्या थरात तांब्याची बारीक जाळी घालतात.

खाली उतरल्यावर काम आमचं. वीज पडल्याची नोंद पायलटनं केली की शिडी लावून नाकापासून शेपटीपर्यंत प्रत्येक इंच बघायचा. खुणा फार लहान असतात: रिव्हेटच्या डोक्यावर मुगाएवढा काळा डाग, कडेला वितळून गोल झालेला धातू, रंगाचा पापुद्रा. एका ठिकाणी सापडली की तिथून मागे ओळीनं सापडत जातात, कारण विमान पुढे सरकत असतं आणि वीज मागे मागे टोचत जाते. पंखाच्या मागच्या कडेला पेन्सिलीसारख्या काड्या असतात ना, त्या साचलेली वीज हवेत सोडून देतात. त्यातली एखादी जळून गेलेली असायची. मापात बसलं तर नोंद करून सोडायचं, नाही तर दुरुस्ती.

अमेरिकेत १९६३ मध्ये वीज पडून टाकीतल्या इंधनाच्या वाफेनं पेट घेतला आणि प्रवासी विमान कोसळलं. त्यानंतर इंधनाच्या टाक्यांचे नियम बदलले.

आता माझा राग. विजेची विचारपूस विमानासाठी करता आणि मिरगाच्या पहिल्या गडगडाटाला निंबाखाली जाऊन उभे राहता. आपल्याकडे ईज माणसं मारते ती वावरात, झाडाखाली, बैल आणताना. आवाज ऐकू आला की पक्क्या घरात जा. घर नसेल तर काच वर केलेल्या जीपमध्ये बसा. विमानातल्या माणसाला वाचवते तीच गोष्ट तिथेही वाचवते, भोवतीचं पत्र्याचं अंग.

आणखी काही, थोडक्यात

*दोन्ही इंजिनं बंद पडली तर विमान खाली कोसळतं ना?* (ता. पुसद) नाही. तरंगत येतं. अकरा किलोमीटर उंचीवरून मोठं विमान इंजिनाशिवाय दीडशे किलोमीटरहून जास्त जाऊ शकतं, म्हणजे नागपूरच्या डोक्यावर बंद पडलं तर अमरावती गाठेल. २४ ऑगस्ट २००१ ला टोरांटोहून लिस्बनला जाणाऱ्या एअरबस ए३३० चं इंधन अटलांटिकवर गळून संपलं. सुमारे १९ मिनिटं ते इंजिनाशिवाय आलं आणि अझोर्स बेटांवर उतरलं, ३०६ जणांपैकी सगळे वाचले. गळतीचं कारण? इंजिन बदलताना बसवलेला न जुळणारा भाग, जो इंधनाच्या नळीला घासत राहिला. पुन्हा पाना हातात असलेला माणूस.

*मोबाइल बंद केला नाही तर विमान पडतं का?* (ता. दर्यापूर) नुसत्या फोननं नाही. शेकडो फोन जमिनीवरचे टॉवर शोधत राहिले तर पायलटच्या कानात खरखर येऊ शकते, आणि उतरताना त्यानं नियंत्रण कक्षाचं नीट ऐकावं हे तुमच्याच हिताचं आहे. खरी काळजी होती ५जीच्या टॉवरची, कारण विमानाची उंची मोजणारं रेडिओ यंत्र त्याच्या शेजारच्या लहरींवर चालतं. म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार खात्यानं काही विमानतळांच्या धावपट्टीच्या आसपास असे टॉवर लावू नका असं कंपन्यांना कळवलं. त्या यादीत नागपूरही होतं.

*संडासची घाण रेल्वेसारखी खाली पडते म्हणतात.* (ता. मलकापूर) पडत नाही. हवेच्या ओढीनं टाकीत जाते, उतरल्यावर गाडी येऊन उपसून नेते. कधी झडपेतून गळती झाली तर बाहेर बर्फ होतो आणि विमान खाली आलं की सुटतो. जानेवारी २०१८ मध्ये हरियाणातल्या फाजिलपूर बादली गावात आभाळातून बर्फाचा गोळा पडला. लोकांनी आकाशातली अद्भुत वस्तू म्हणून त्याचे तुकडे घरी नेले, काहींनी फ्रिजमध्ये ठेवले. मागून तो कशाचा असावा याचा संशय अधिकाऱ्यांनी बोलून दाखवला. पुढे त्या फ्रिजचं काय केलं ते विचारू नका.

*४७ अंशांत विमानाचं पेट्रोल पेटत नाही का, टायर फुटत नाहीत का?* (ता. हिंगणघाट) त्यात पेट्रोल नसतंच. आपल्या स्टोव्हमधल्या रॉकेलच्या जातीचं, पण फार शुद्ध केलेलं इंधन असतं, आणि ठिणगीशिवाय आपोआप पेटायला त्याला २०० अंशांच्या वर तापावं लागतं. टायरात साधी हवा नसून नायट्रोजन, दाब २०० पौंडांच्या आसपास. तुमच्या मोटारसायकलच्या चाकात तीसेक. ब्रेक फार तापले तर चाकातली खास बुचं वितळतात आणि टायर फुटण्याआधी हवा सोडून देतात. उन्हाची खरी अडचण वेगळी: तापलेली हवा पातळ, ती पंखाला कमी उचलते, इंजिनालाही कमी जोर देते. मग लांब धावपट्टी लागते किंवा वजन कमी करावं लागतं. जून २०१७ मध्ये अमेरिकेत फिनिक्सला लहान विमानांची कित्येक उड्डाणं रद्द झाली, कारण त्यांची मर्यादा ४७.८ अंशांची होती. नागपूरची धावपट्टी ३२०० मीटरची आहे, म्हणून आपलं भागतं.

मी बारावी सायन्सला आहे. विमान दुरुस्तीत जायला आधी इंजिनीअरिंगची डिग्री लागते असं सर म्हणतात. घरची परिस्थिती तेवढी नाही.
— विद्यार्थिनी, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली

बेटा, डिग्री लागत नाही. लागतं ते लायसन्स, नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचं, ज्याला सगळे डीजीसीए म्हणतात. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स असलं की त्यासाठीच्या संस्थेत प्रवेश घेता येतो. इंजिन आणि विमानाचं अंग हवं असेल तर बी-वन, वायरिंग आणि रेडिओ हवे असतील तर बी-टू. परीक्षा विषयवार द्यायच्या, सोबत प्रत्यक्ष कामाचा अनुभव दाखवायचा, मग लायसन्स. फी मात्र कमी नाही, ते लपवत नाही. पण ती भरण्याआधी एक काम कर. डीजीसीएच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी आहे, तीत त्या संस्थेचं नाव आणि मान्यतेची मुदत बघ. नागपुरात आणि बाहेरही 'शंभर टक्के नोकरी' असे बोर्ड लावून बसलेले पुष्कळ आहेत. यादीत नाव सापडलं नाही तर फॉर्मचेही पैसे देऊ नकोस. नागपूरच्या मिहानमध्ये विमान दुरुस्तीचं मोठं केंद्र आहे, तिथे काम करणाऱ्या एखाद्याला गाठून तू कुठे शिकलास एवढंच विचार. मुलींना घेतात का हेही तू शेवटी खोडून लिहिलं आहेस. घेतात.